बसून जेवण्याची सोय

टेंभी नाक्याच्या आसपास एखादं जुनं उपाहारगृह मिटलं, शटरवर ‘जागा भाड्याने देणे आहे’ची पाटी लागली, की चार दिवस हळहळ होते. पाचव्या दिवशी कुणीतरी मोबाइल पुढे धरून म्हणतं, “ठाण्यात खायला काय कमी आहे? हे बघा, अर्ध्या तासात दारात!” वाक्यात खोटं काही नाही. राममारुती रोडपासून घोडबंदर रोडपर्यंत आज जितक्या तऱ्हांचं खाणं मिळतं तितकं या शहरात पूर्वी कधीच मिळत नव्हतं. तरीही हे वाक्य खटकतं, आणि ते खटकणं नुसत्या आठवणींपोटी आहे म्हणून उडवून लावता येत नाही.

आठवणींचा भाग सगळ्यांना तोंडपाठ आहे. इराणी हॉटेलं गेली, धोबी तलावाचं बस्तानी २००४ साली बंद झालं, गिरगावातल्या खानावळी एकेक करून मिटल्या. यावर भरपूर लिहून झालं आहे. त्यात भर घालण्यापेक्षा एक साधा भेद हाताशी धरलेला बरा. माणूस घराबाहेर जेवतो तो हौसेने किंवा नडीने. हौसेने जेवणारा दिवस निवडतो, जागा निवडतो, सोबत निवडतो. नडीने जेवणाऱ्याची वेळ आणि जागा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली असते. कधी कोर्टाने, कधी इस्पितळाने, कधी कचेरीतल्या साहेबाने.

टेंभी नाका हा नडीचा नाका आहे. थोड्याशा चालीत जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा न्यायालय आणि मध्यवर्ती कारागृह. शिवाय अगदी परवापरवापर्यंत विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘सिव्हिल’. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत जव्हार-मोखाड्याच्या माणसालाही सरकारी काम निघालं की ठाणंच गाठावं लागे. आजही शहापूरचा शेतकरी आसनगावहून लोकल पकडतो, मुरबाडचा एसटीने कल्याणला येऊन गाडी बदलतो आणि बांधाच्या तंट्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोर्ट नाक्यावर उभा राहतो. पुकारा साडेअकराला होणार की साडेतीनला, हे त्याला कुणी सांगत नाही. तुरुंगात मुलाला भेटायला आलेल्या आईचंही तेच. अशा माणसांना शेकडो पर्याय नको असतात. एक ताट, पाण्याचा तांब्या आणि अर्धा तास टेकायला जागा मिळाली तरी त्यांचा दिवस निभतो.

याच नाक्याला हौसेचा हंगामही आहे. आनंद दिघे यांनी १९७८ साली इथे नवरात्रोत्सव सुरू केला. तेव्हापासून कळव्याहून देवीची मिरवणूक येते, वाहतूक वळवली जाते आणि नऊ रात्री गर्दीतून वाट काढावी लागते. गर्दी तिथे खाण्याच्या गाड्या आल्याच. दसरा झाला की गर्दी पांगते आणि गाड्याही उठतात. त्या नऊ रात्रींवरून नाक्याच्या खाण्यापिण्याचा अंदाज बांधला, तर उरलेल्या साडेतीनशे दिवसांची गफलत होते.

हंगामावर जगणाऱ्या गावाचं पोट कसं चालतं हे पाहायला ठाणेकरांना लांब जावं लागत नाही. माथेरानची थंड हवा १८५० साली हेरली ती ठाण्याच्याच कलेक्टरने, ह्यू मॅलेटने. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली नेरळची छोटी गाडी १९०७ पासून तिथे जाऊ लागली. मोटारींना बंदी असल्यामुळे गॅसच्या टाकीपासून कांद्या-बटाट्यापर्यंत बरंच सामान दस्तुरी नाक्यावरून घोड्याच्या पाठीवर किंवा हमालाच्या डोक्यावरून गावात पोचतं, आणि त्या वाहतुकीचा खर्च ताटात उतरतो. दोन दिवसांसाठी आलेल्या कुटुंबाला तो खुपत नाही. पण २०११ च्या जनगणनेत या गावात साडेचार हजारांहूनही कमी माणसं होती, आणि घोडेवाला, हमाल, हॉटेलातला वाढपी यांना तर रोजच तिथे जेवायचं असतं. पूर्वी पावसाळ्यात बहुतेक हॉटेलं दारं लावून घेत. आता पावसातही शनिवार-रविवार गर्दी असते, पण नेरळहून चढणारी गाडी चार महिने बंदच असते. २६ जुलै २००५ च्या पावसाने रूळ उखडले तेव्हा ती २००७ पर्यंत आली नाही. २०१९ च्या पावसाने पुन्हा तोडली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. गाडी खोळंबली की येणारी माणसं रोडावतात, आणि त्यांच्याच जिवावर चालणारी चूलही मंदावते.

परदेशातल्या बर्फाच्या गावांत हे आणखी उघडपणे दिसतं. कोलोरॅडोतल्या ॲस्पेन किंवा व्हेलमध्ये एप्रिलमध्ये स्कीइंगचे पाळणे थांबले, की कितीतरी रेस्टॉरंट आठवडेच्या आठवडे कुलूपबंद होतात आणि गावात राहणाऱ्यांना जेवायला मोजक्या जागा उरतात. करोनानंतर तर ऐन हंगामातही काही ठिकाणी आठवड्यातले एक-दोन दिवस बंद ठेवावे लागले. गिऱ्हाईक होतं, पण भांडी घासणाऱ्याला आणि वाढणाऱ्याला त्या गावात घराचं भाडं परवडेना. फक्त पाहुण्यांसाठी शिजवणारं गाव शेवटी पाहुण्यांनाही नीट वाढू शकत नाही, याचा हा धडधडीत दाखला आहे.

इथे हिशेबी माणूस मध्ये बोलतो, आणि त्याचं ऐकून घ्यायला हवं. तो म्हणतो, “हॉटेल बंद पडलं कारण लोक यायचे थांबले. एक दुकान मिटतं, दुसरं उघडतं. नड असेल तिथे नड भागवणारा येतोच.” या म्हणण्याला पुरावाही आहे, आणि तो डोंबिवलीत रोज संध्याकाळी दिसतो. सातच्या सुमाराला गाडीतून उतरलेल्या बायका स्टेशनबाहेरच्या पोळी-भाजी केंद्रासमोर थांबतात. आत दोघी-तिघी लाटत असतात, एक तव्यावर असते. फळीवर पोळ्यांची चवड, बाजूला भाज्यांची पातेली, भिंतीवर खडूने लिहिलेले आजचे पदार्थ. “आठ पोळ्या, पाव किलो फ्लॉवर आणि उसळ द्या.” पोळ्या मोजून कागदात गुंडाळल्या जातात, उसळ डब्यात जाते आणि दोन मिनिटांत ती बाई रिक्षाच्या रांगेत असते. मराठी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरावर या केंद्रांनी केलेले उपकार कुठल्याही मोठ्या हॉटेलने केलेले नाहीत. हे खाणं हौसेचं नाही, निव्वळ नडीचं आहे, आणि ते जोरात चालतं.

म्हणजे नडीच्या जागा मरतात आणि हौसेच्या तगतात, हे म्हणणं टिकत नाही. वडापावची गाडी, पोळी-भाजी केंद्र, घरून डबे देणाऱ्या बायका, सगळी नडच भागवतात आणि सगळ्यांचा धंदा होतो. पण या यशस्वी यादीत एक गोष्ट कुठेच नाही. कुणीही गिऱ्हाइकाला बसायला देत नाही. फोनवरच्या ॲपलाही दार लागतं, आणि कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला दार नसतं. त्याने मागवलेलं जेवण त्याने मांडीवर ठेवून खायचं, हात कुठे धुवायचे ते स्वतः शोधायचं.

बाक का जातो, हे कागदावर मांडून पाहता येतं. समजा, नाक्याजवळ तीनशे चौरस फुटांचा गाळा आहे आणि त्यात वीस माणसं बसतात. जेवणाची वेळ बारा ते तीन. एक खुर्ची तीनदा भरली तर साठ ताटं. एकशेवीस रुपयांना ताट धरलं तर दिवसाचे सात हजार दोनशे, महिन्याचे सव्वीस दिवस धरून पावणेदोन लाखांच्या थोडे वर. त्यातून किराणा, भाजी, गॅस, आचारी, दोन वाढपी, वीज-पाणी वजा करायचं आणि जे उरेल त्यातून भाडं भरायचं. त्याच गाळ्यात मोबाइलचं दुकान किंवा बँकेचं एटीएम आलं, तर जागामालकाला कुणाचं भाडं जास्त मिळेल हे सांगायला ज्योतिषी नको. जुना मालक पागडीवर होता तोवर हे गणित त्याच्या अंगावर आलं नाही. इमारत पुनर्विकासात गेली, नवा गाळा ‘लीव्ह अँड लायसन्स’वर आला, की दर नूतनीकरणाला ते अंगावर येतं. हिशेबी माणसाचं चुकतं ते इथे. गिऱ्हाईक थांबलं म्हणून हॉटेल मिटतं असं दरवेळी होत नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनातलं समोवार १९६४ पासून भरलेलं असायचं आणि ३१ मार्च २०१५ ला बंद झालं तेव्हाही भरलेलंच होतं. जागा त्यांची नव्हती, एवढंच कारण पुरलं.

उलट बाजूने पाहायचं तर मामलेदार मिसळ पाहावी. तहसीलदार कचेरीच्या आवारात १९४६ पासून मुर्डेश्वर कुटुंबाने चालवलेलं हे उपाहारगृह. कचेरीत खेपा घालणाऱ्यांसाठी आणि कारकुनांसाठी सुरू झालेलं, म्हणजे जन्माने अस्सल नडीचं. आता तिथे लोक मुद्दाम लांबून येतात. वाढणारा “मीडियम की तिखट?” विचारतो आणि फरसाणावर रस्सा पडेपर्यंत पाव समोर येतो. गर्दीच्या वेळी ओळखपाळख नसलेली माणसं एकाच टेबलाला बसतात. फेरफाराच्या उताऱ्यासाठी आलेला म्हातारा आणि मिसळीचे फोटो काढणारी कॉलेजची मुलं शेजारी-शेजारी खातात. हौस आणि नड असा भेद करून निघालेल्याला इथे तो सोडून द्यावा लागतो. एकाच बाकावर दोन्ही सुखाने बसतात. चव तर आहेच, पण ती टिकायला बाक आधी टिकावा लागतो, आणि तो टिकण्यात कचेरीच्या आवारातल्या त्या जागेचा वाटा मोठा असला पाहिजे.

एकदा हे ध्यानात आलं की जुन्या खानावळींकडेही वेगळ्या नजरेने पाहता येतं. गिरणगावात बायका आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत कामगारांना बसवून जेवू घालत. खोली घरचीच, म्हणून दर परवडे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार पांगला, आणि त्या खोल्यांतल्या पंगती उठल्या. कारखान्यात तर जेवणाची जागा हा कायदाच होता. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या ४६ व्या कलमाने अडीचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कँटीनची तरतूद केली. ठाण्यात असे कारखाने होते तोवर दुपारी बसून जेवण्याचा हक्क हजारो माणसांकडे होता. रेमंडची इथली गिरणी २००९ साली बंद झाली आणि त्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत. कारखान्याबरोबर त्याचं कँटीनही जातं, याची वेगळी बातमी कधी होत नाही.

कामगारासाठी कायद्याने कँटीन मागितलं. मग पक्षकार, कैद्याची आई, रुग्णाचा भाऊ यांच्यासाठी कुणी का मागू नये? सरकारला हे सुचलं नाही असंही नाही. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दहा रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात ठरला. शहरी भागात ताटाचा दर पन्नास रुपये धरून वरचे चाळीस सरकारने द्यायचे होते. ताटाबरोबर बसण्याच्या जागेचीही अट होती, हे फार मोलाचं. मग करोना आला, टाळेबंदीत ताटाचं पार्सल झालं. पुढे चालकांची बिलं थकल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. स्वस्त जेवण देणं सरकारला जमतं, पण बिल वेळेवर देणं जमत नाही, आणि खासगी गाळ्यात केंद्र चालवणारा भाड्याच्या ओझ्याखाली पहिला बुडतो. अनुदान ताटाला दिलं आणि जागा बाजारावर सोडली, की हे असं व्हायचंच.

आणि जागेचाच प्रश्न असेल, तर टेंभी नाक्याजवळ तो सोडवण्याची संधी याच घडीला समोर आहे. सिव्हिलची जुनी इमारत पाडून तिथे नऊशे खाटांचं नवं रुग्णालय उभं राहतं आहे. २०२३ पासून रुग्णालय तात्पुरतं मनोरुग्णालयाच्या आवारात हललं, आणि त्याच्यावर जगणारी नाक्यावरची चहा-पोह्यांची गिऱ्हाइकीही त्याच्यामागे गेली. ते परत येईल तेव्हा एका खाटेमागे एकच नातेवाईक धरला, तरी नऊशे माणसांना दोन वेळा जेवायचं असेल. त्यातले बरेच शहापूर-मुरबाडहून आलेले आणि रात्री तिथेच पथारी टाकणारे असतील. नकाशात त्यांच्यासाठी बाक, हात धुवायचे नळ आणि डबा गरम करायची शेगडी किती चौरस फुटांत बसवली आहे, हे आताच विचारायला हवं. एकदा स्लॅब पडला की जागा सापडत नाही. उपाहारगृहाची निविदा निघेल तेव्हा सर्वांत जास्त भाडं देणाऱ्याला ती देण्याची रीत मोडून, भाडं नाममात्र ठरवावं आणि सर्वांत कमी दरात चांगलं ताट देणाऱ्याला काम द्यावं. बचत गटाच्या बायका हे काम करू शकतात. बिलं थकवणारं खातं मध्ये असणार नाही, कारण ताटाचे पैसे जेवणारा रोख देईल. सरकारने द्यायची ती फक्त जागा.

हिशेबी माणसाला यात तोटा दिसेल. भाड्याचं उत्पन्न बुडेल हे खरं आहे, आणि ते ठाण्याने सोसावं.