आधी कोणाचा श्वास

विमानाचं दार बंद झालं होतं. मुलगी खिडकीशी, तिच्या मांडीवर पाच महिन्यांची नात, मधल्या सीटवर मी. एअर होस्टेस बाळाचा छोटा पट्टा घेऊन आली. तो तिने मुलीच्या पट्ट्यात ओवला, बाळाच्या पोटाभोवती अडकवला आणि वाकून सावकाश म्हणाली, "मास्क खाली आले तर आधी तुमचा लावायचा, मग बाळाचा." मुलीने मान डोलावली. ती बाई पुढच्या रांगेकडे गेली तेव्हा मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मला हे नाही जमायचं."

तारापूर एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यांत मी एकतीस वर्षं सेफ्टीचं काम केलं. आधी स्वतःचा मास्क, मग पडलेल्या माणसाकडे जायचं, हे मी शेकडो कामगारांना शिकवलं. शिकवलं म्हणजे घोकून घेतलं. आणि त्या सीटवर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

पहाटे तीनला बोईसरहून निघालो होतो. पहिलं बाळंतपण माहेरचं, ते झालं, आता तिला बंगळुरूला तिच्या घरी पोचवायचं. जावयाला रजा नाही, आमच्या हिचे गुडघे चालू देत नाहीत, म्हणून सोबतीला मी. हिने दारात बाळाची दृष्ट काढली, कपाळाच्या कडेला काजळाचं बोट लावलं आणि अळिवाच्या लाडवांचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. मुलीकडे दिला असता तर तिने तो उघडलाच नसता, हे हिला माहीत होतं.

"का नाही जमायचं?" मी बऱ्याच वेळाने विचारलं. तोवर विमान वर गेलं होतं.

"तिला श्वास मिळत नाही हे दिसत असताना मी माझ्या नाकाला आधी लावू? त्या माकडिणीसारखी?"

माकडिणीची गोष्ट आपल्याकडे सांगावी लागत नाही. बादशहा, बिरबल, हौद, हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू. पाणी चढत जातं तशी ती पिल्लाला कडेवर घेते, खांद्यावर घेते, डोक्यावर धरते. पाणी नाकाशी आल्यावर मात्र पिल्लू पायाखाली घालून त्याच्यावर उभी राहते. ज्याला त्याला आपला जीव आधी, असं त्यातून सिद्ध झालं म्हणतात. मी लहानपणी चिंचणीच्या शाळेत ती ऐकली आणि घरी येऊन आईला विचारलं, तू असं करशील? तिने चुलीवरची भाकरी उलटली आणि म्हणाली, त्या हौदात पाणी कोणी सोडलं ते विचार आधी.

हे वाक्य मला पुढे कारखान्यात फार आठवलं.

मुलीला मी आधी यंत्राचं सांगितलं, कारण ते मला सांगता येतं. बाहेर पस्तीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की माणूस टिकत नाही. आत यंत्रं दाब धरून ठेवतात, तो साधारण आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका असतो. तो दाब उतरत गेला आणि आतली हवा साधारण चौदा हजार फुटांवरच्याइतकी विरळ झाली की मास्क आपोआप खाली पडतात. मास्क ओढला की बहुतेक विमानांत वरच्या डबीत सोडियम क्लोरेट तापायला लागतं. त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि मागे मीठ उरतं. बारा-पंधरा मिनिटं तो पुरतो, तेवढ्यात पायलट विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतो. तीन सीटांच्या रांगेवर मास्क चार असतात. चौथा मांडीवरच्या बाळासाठी. म्हणजे ज्याने हे बनवलं त्याने तुझ्या बाळाला धरलेलं आहे, असं मी तिला म्हटलं.

पण खरी गोष्ट वेळेची आहे. पस्तीस हजार फुटांवर दाब एकदम गेला तर माणसाला शुद्धीत काम करायला अर्धं मिनिट, फार तर एक मिनिट मिळतं. आणि ऑक्सिजन कमी पडलेल्या मेंदूला आपल्याला काही होतंय हे कळत नाही. उलट सगळं ठीक आहे, बरं वाटतंय, असं वाटतं. बाळ रडत असणार, डोकं फिरवत असणार, हाताने मास्क ढकलत असणार. त्या झटापटीत आईची बोटं सैल पडतात. मग मास्क बाळाच्याही तोंडावर नसतो आणि आईच्याही.

२० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानात दाब धरण्याचा स्विच चालू करायचा राहून गेला. मास्क खाली आले, तीसेक प्रवाशांच्या नाकाकानातून रक्त आलं, विमान मुंबईला परत फिरलं. सगळे वाचले. म्हणजे हा नियम कागदावरचा नाही, आपल्याच विमानतळावरून उडालेल्या माणसांना तो लागला आहे.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. "कळतं मला," ती म्हणाली. "कळण्याचा प्रश्नच नाही."

तिचं बरोबर होतं.

एका पावसाळ्यातली गोष्ट. कारखान्याचं नाव घेत नाही. रिॲक्टर धुऊन झाला होता, आतली खरवड काढायला एक हेल्पर मॅनहोलमधून उतरला. नायट्रोजनची लाइन नीट तोडलेली नव्हती. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. आत हवेत ऑक्सिजन उरलेला नसला की माणूस एक-दोन श्वासांत खाली बसतो. तो तसाच बसला, भिंतीला टेकून, झोपल्यासारखा. त्याचा धाकटा भाऊ त्याच शिफ्टला होता. तो धावत आला, एक पाय मॅनहोलमध्ये टाकला, आणि मी त्याला मागून कमरेला मिठी मारली.

श्वास घ्यायचे बीए सेट यायला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं मी त्याला सोडलं नाही. तो कोपराने माझ्या बरगड्यांत मारत होता आणि भावाला हाका मारत होता, लहान मुलं मारतात तशा, नुसतं "दादा, दादा". सेट घालून दोघं उतरले, भावाला वर काढलं. हॉस्पिटलात पोचण्याआधी तो गेला.

बंद भांड्यांत आणि गटारांत मरणाऱ्यांमध्ये मोठा वाटा वाचवायला उतरलेल्यांचा असतो. एकामागे एक उतरतात. भाऊ, बाप, मित्र. मी धरलं नसतं तर त्या घरातून दोन तिरड्या निघाल्या असत्या, हे मला तेव्हा माहीत होतं, आजही माहीत आहे. आत उतरायच्या परमिटवर सही होती आणि गॅस टेस्ट झालेली नव्हती, हेही माहीत आहे. चौकशीत बोट मात्र आत उतरलेल्या माणसाकडे गेलं. हौदात पाणी कोणी सोडलं, हे त्या गोष्टीतही कोणी विचारत नाही. माकडिणीला स्वार्थी ठरवून दरबार उठतो.

तेराव्यानंतर धाकटा हिशेब घ्यायला गेटवर आला. मला म्हणाला, "साहेब, तुमचा भाऊ असता तर तुम्ही थांबला असता?" मी गप्प राहिलो. पुढे कधीतरी तो बोईसर स्टेशनात दिसला, हाताला धरून मुलगा होता. नजरानजर झाली. तो जवळ आला नाही, मीही गेलो नाही.

बंगळुरूच्या त्या विमानात तोच प्रश्न माझ्या मुलीच्या मांडीवर झोपला होता.

देव-धर्माच्या वाटेने मी या प्रश्नाकडे पुष्कळ गेलो. पहिल्यांदा काही हाती लागलं ते सोपाऱ्यामुळे. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला नालासोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी एक स्तूप खणला. अशोकाच्या लेखांचे तुकडेही त्या गावात सापडले. एकेकाळचं मोठं बंदर ते. ते बघायला गेलो आणि बुद्धाविषयी वाचायला लागलो. पाली ग्रंथांत बुद्धाच्या तोंडी एका डोंबाऱ्याची कथा आहे. मी ती वाचली आणि पुस्तक तसंच मांडीवर धरून बसलो, कारण तो डोंबारी मी लहानपणी पाहिला होता. महालक्ष्मीच्या जत्रेत, विवळवेढ्याला, चैत्रातल्या उन्हात. ढोलकी, खांद्यावर उभा बांबू आणि बांबूच्या टोकाला माझ्याच वयाची पोर.

कथेत गुरू शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ करून आपण सुखरूप खाली येऊ. शिष्य म्हणतो, असं नको. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी मला सांभाळतो, तेव्हाच दोघं सुखरूप उतरू. बुद्ध शिष्याची बाजू घेतो, पण तिथे थांबत नाही. जो स्वतःला राखतो तो दुसऱ्याला राखतो, आणि जो दुसऱ्याला राखतो, क्षमेने, अहिंसेने, मायेने, तो स्वतःला राखतो, असं दोन्हीकडून सांगतो.

मी हे त्या बांबूवर ठेवून बघतो. खालच्या बापाला वरच्या पोरीची काळजी नाही का? आहे, म्हणूनच त्याने तिच्याकडे बघत राहायचं नाही. त्याचं लक्ष आपल्या टाचांवर, आपल्या कमरेवर, आपल्या श्वासावर हवं. तो घाबरून वर हात करील तर बांबू कलंडेल. त्याच्या टाचा म्हणजे तिच्या पायाखालची जमीन.

त्या पोरीचा चेहरा मला आठवत नाही. तिच्या बापाच्या टाचा आठवतात, भेगा पडलेल्या, धुळीत घट्ट रोवलेल्या.

आणि हिरकणी. आपण हिरकणी सांगतो ती जिवावर उदार झालेली आई म्हणून. दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, तिने रायगडाचा कडा उतरला. पण कडा उतरणं म्हणजे काय, ते शिडीवर काम केलेल्या माणसाला विचारा. एक हात सुटला की संपलं, आणि बाळ रात्रभर एकटं. त्या रात्री हिरकणीने स्वतःचा जीव जितका जपला असेल तितका जन्मात जपला नसेल. प्रत्येक खोबण चाचपली असेल, पाय ठरला की मगच वजन टाकलं असेल. उदार असती तर तिने उडी मारली असती.

माकडीण आणि हिरकणी दोघींनीही जीव राखला. माकडिणीच्या राखण्यात पिल्लू पायाखाली गेलं, हिरकणीच्या राखण्यात बाळाला आई मिळाली. स्वतःला आधी राखलं यावरून काहीच ठरत नाही. कशासाठी राखलं आणि राखून झाल्यावर हात कुठे गेले, यावरून ठरतं. एवढं मला आज खात्रीने म्हणता येतं. त्या धाकट्याला तेव्हा म्हणता आलं नाही, आणि म्हटलं असतं तरी त्याला ते ऐकू आलं नसतं. कमरेला मिठी मारलेल्या माणसाशी वाद होत नसतो. म्हणून तर नियम आधी घोकून घ्यायचा असतो, शांत असताना, चहाच्या वेळी, कोणी पडलेलं नसताना.

निघायच्या आधीच्या मंगळवारी आम्ही नातीला महालक्ष्मीच्या पायावर घालून आणलं. तिथली कथा आमच्याकडे पोरांनाही पाठ आहे. देवी वर मुसळ्या डोंगरावर होती. एक गरोदर भक्तीण नेमाने चढत होती, एक दिवस वाटेत तिला घेरी आली. देवी म्हणाली, तू आता येऊ नकोस, मीच खाली येते. पोटात बाळ घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईला देवीने शाबासकी दिली नाही, तिचा डोंगर कमी केला. त्या दिवशी गाभाऱ्यासमोर रांगेत उभा असताना मला हे पहिल्यांदा जाणवलं, साठी ओलांडल्यावर.

मुलीला मी हे सगळं विमानात सांगितलं नाही. तिने डोळे मिटले होते. मी तिच्या हाताकडे बघत होतो. बाळाच्या पाठीवर ठेवलेला तो हात झोपेतही दर श्वासाला किंचित वर-खाली होत होता, बाळाचा श्वास मोजत असल्यासारखा.

विमान उतरायला लागलं तशी नात उठली आणि रडायला लागली. उतरताना विमानातला दाब वाढतो, तान्ह्या बाळाला कान मोकळे करता येत नाहीत. दूध पाजलं की गिळताना कान सुटतात. मुलीने घाईने ओढणी सारखी केली, बाळाला जवळ घेतलं. पहाटेपासून तिने घोटभर चहाखेरीज काही घेतलं नव्हतं. ओठ कोरडे पडले होते.

मी डबा उघडला.

आमच्या घरात, पुष्कळ मराठी घरांत, बाई जेवते ती सगळ्यांच्या मागून. माझी आई तशीच जेवली, हीसुद्धा. फक्त बाळंतिणीचं तेवढं वेगळं. तिला पहिलं ताट, गरम भात, वर तूप, शेपूची भाजी, बाळ रडत असलं तरी. माझी आई रडणारं बाळ उचलून घ्यायची आणि सुनेला म्हणायची, तू जेव, त्याला मी बघते. दूध तिच्यातून येणार आहे. तेव्हा ते कोणाला माकडिणीसारखं वाटत नव्हतं.

"आधी तू खा," मी म्हटलं.

"बाबा, ती रडतेय."

"रडू दे दोन मिनिटं. मी धरतो."

पट्टा सोडता येत नव्हता, म्हणून मी बाळाच्या डोक्याखाली हात घातला आणि दुसऱ्या हाताने लाडू तिच्या पुढे केला. तिने माझ्याकडे बघितलं. मग अर्धा लाडू तोंडात घातला, घाईघाईने चावला, त्यावर पाणी प्यायली आणि उरलेला अर्धा चावतच बाळाला ओढणीखाली घेतलं. रडणं थांबलं. खिडकीत लाल माती आणि नारळाची झाडं दिसायला लागली होती. माझ्या हातावर बाळाच्या डोक्याचा घाम तसाच होता.