नकलेचे इमान

परवा अमेरिकेतील आमच्या एका बालमित्राचे पत्र आले. क्षेमकुशल विचारून झाल्यावर त्याने एक विलक्षण प्रश्न घातला होता. तीन हिवाळे खपून त्याने घरच्या गॅरेजात 'कोब्रा' नावाच्या एका जुन्या स्पोर्ट्स मोटारीची प्रतिकृती उभी केली आहे. आता तिचा गिअरचा दांडा काढून त्या जागी नवा, सुधारलेला दांडा बसवावा की नाही, या विवंचनेत तो पडला आहे. आमच्यापाशी मोटार नाही. कोलकात्यात आम्ही कचेरीला मेट्रोने जातो. तरीही हा प्रश्न आम्हांलाच का, याचा खुलासा त्याने केला होता : "तू केंद्र सरकारचा कारकून. नकला करण्यात तुझी बारा वर्षे गेली. नकलेने अस्सलाशी किती इमान राखावे, हे तुझ्याखेरीज कोणाला विचारू?"

थट्टा म्हणून आम्ही पत्र बाजूला ठेवले. पण प्रश्न काही बाजूला राहीना. आमच्या जुन्या दप्तरांतून 'अस्सलबरहुकूम नक्कल' या शब्दांना मोठी प्रतिष्ठा होती. त्याच परंपरेने 'मक्षिकास्थाने मक्षिका' हा उपहासही आपल्याला दिला आहे. अस्सल कागदावर चिरडलेली माशी दिसली, म्हणून नकलेतही नेमकी त्याच जागी माशी मारून चिकटविणाऱ्या लेखनिकाला आपण हसतो. परंतु इमानाची हद्द कोठे संपली आणि मूर्खपणाची कोठे सुरू झाली, हे त्याला कोणी सांगितले होते?

प्रथम त्या मोटारीची हकिकत पाहू. इंग्लंडातील टेम्स डिटन येथील ए. सी. कंपनीने १९५३ साली 'एस' नावाची एक हलकी, उघडी मोटार पुढे आणली. पुढे तिला ब्रिस्टल कंपनीचे इंजिन मिळू लागले. ते इंजिन मिळणे बंद होण्याच्या सुमारास, १९६१ साली, टेक्सासचे कॅरोल शेल्बी यांनी त्या कंपनीला पत्र लिहून आपल्या गाडीत अमेरिकन इंजिन बसवू द्याल काय, अशी विचारणा केली. १९६२ साली त्या नाजूक इंग्रजी देहात फोर्डचे आठ सिलिंडरांचे दणकट इंजिन बसले आणि कोब्रा जन्मास आली. १९६७ पर्यंत अशा सुमारे एक हजारच गाड्या निघाल्या. आज त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या स्वप्नापलीकडे गेल्या आहेत. म्हणूनच सुटे भाग विकत घेऊन घरी प्रतिकृती जुळविण्याचा छंद वाढला, आणि अस्सल गाड्यांपेक्षा नकली गाड्यांची संख्या कितीतरी पटींनी अधिक झाली.

आमच्या मित्राची गाडी त्यांपैकीच एक. अस्सलाचे अंग ॲल्युमिनियमचे होते, हिचे फायबरग्लासचे आहे. अस्सलाला पुढे जाण्याचे गिअर चार, हिला पाच. कारण हिचा गिअरबॉक्स मोडीत निघालेल्या एका फोर्ड मस्टंगमधून काढलेला आहे. त्याच गिअरबॉक्सबरोबर आलेला दांडा आता त्याला छळतो आहे. तो सैल आहे. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना हात लांबवर न्यावा लागतो. आणि घाईत तिसरा गिअर नेमका सापडत नाही.

नव्या दांड्याची करामत शाळेत शिकलेल्या तरफेचीच आहे. गिअरचा दांडा ही एक तरफ. टेकू मध्ये कोठेतरी असतो. वरच्या लांब भागावर मूठ आणि खालचे आखूड टोक गिअरबॉक्सच्या पोटात. टेकूपासून खालचा भाग लांब केला की मुठीने थोडेच अंतर कापून तेच काम होते. शिवाय खालच्या टोकाभोवतीचा झिजलेला प्लॅस्टिकचा बुश बदलून धातूचा घालतात, त्यामुळे डगमग जाते. दोन्ही बाजूंना अटकावाचे स्क्रूही असतात. उत्साहाच्या भरात जोराने ओढलेल्या दांड्याचा सारा भार आतल्या नाजूक भागांवर पडू नये, हे त्यांचे काम. परंतु तरफ कोणाला फुकट काही देत नाही. अंतर वाचले की बळ अधिक लागते. पहिला दांडा सैल होता, पण मऊ होता. नवा नेमका असेल, पण हाताला कठीण लागेल. सुधारणा म्हणून जे जे पुढे येते, त्याच्या पाठीशी असा एक हिशेब असतोच. तो मांडून पाहणाऱ्यानेच सुधारणेला हात घालावा.

आता मूळ प्रश्न. कचेरीच्या अनुभवाने आम्हांला एवढे समजले आहे, की नकला दोन जातींच्या असतात. एक साक्षीची नक्कल. न्यायालयात जायच्या कागदाची प्रत करताना मुळातली चूकही जशीच्या तशी उतरवावी लागते. तेथे आपले शहाणपण घालणे हा गुन्हा आहे. दुसरी वापराची नक्कल. गतवर्षीच्या मसुद्यावरून यंदाचे पत्र तयार करताना गतवर्षीची तारीखही उतरविणारा कारकून इमानी नसतो, आळशी असतो. संग्रहालयात ठेवायची कोब्रा ही पहिल्या जातीची. मित्राने रविवारी सकाळी चालवायची कोब्रा ही दुसऱ्या.

यावर कोणी म्हणेल, एकदा बदलाला वाट दिली की शेवटी अस्सलाचे उरते काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज दांडा बदलला, उद्या दांडाच नको म्हणून आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा बसविली, तर नावापुरती कोब्रा राहील. येथे आम्हांला एकनाथांचे स्मरण होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या पोथ्या पडताळून पाठ शुद्ध केला. हातात आलेली प्रत तीच पवित्र, असे त्यांनी मानले नाही. आणि त्याचबरोबर आपल्या पदरची ओवी कोणी त्या ग्रंथात घालू नये, असेही बजावून ठेवले. ग्रंथ ज्यासाठी झाला त्याच्या आड येणारे दूर करावे, ज्यासाठी झाला तेच मात्र बदलू नये, असा विवेक आम्ही त्यातून घेतो. कोब्रा झाली ती चालविणाऱ्याच्या हाताला यंत्राचा थेट प्रत्यय यावा म्हणून. सैल दांडा त्या प्रत्ययाच्या आड येतो. आखूड, नेमका दांडा त्याला जवळ आणतो. आपोआप चालणारी यंत्रणा तो प्रत्ययच नाहीसा करते. पहिली दुरुस्ती, दुसरी प्रक्षेप.

आणखी एक गोष्ट मित्राच्या ध्यानात आलेली दिसली नाही. जो दांडा बदलताना त्याचा हात अडखळतो आहे, तो कोब्राचा मुळी नव्हेच, तो मस्टंगचा! जे प्रथम हाताशी आले त्यालाच आपण अस्सल समजू लागतो आणि मग त्याच्या रक्षणासाठी कंबर कसतो.

हे लिहिता लिहिता लेखणी आमच्यावरच उलटली. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात दोन वर्षांपूर्वी एका तरुण भगिनीने सुचविले, की येथे वाढलेल्या मुलांना देवनागरी वेगाने वाचता येत नाही, तेव्हा आरत्या बंगाली लिपीत छापून त्यांच्या हाती द्याव्यात. आम्ही ताडकन उठून विरोध केला. घरी होते तसेच येथे झाले पाहिजे, असे आम्ही म्हणालो. देवनागरी कागद वाटले गेले. मोठी माणसे गायिली. मुले कागद हातात धरून मुकी उभी राहिली. आम्ही अस्सलबरहुकूम नक्कल केली होती, माशीसकट. ज्या उत्सवाला टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक रूपात चालना दिली, त्याच्या नावाने आम्ही बदलाला विरोध करीत होतो, हेही तेव्हा सुचले नाही.

गतवर्षी कागद बंगालीत छापले. हिशेब तेथेही चुकला नाही. त्या लिपीत 'ळ' नाही, आणि 'व' व 'ब' यांना एकच अक्षर. पहिल्या दिवशी मुले मोठ्या उत्साहाने गायिली, आणि देवाचा 'देब' झालेला ऐकून आमच्या काळजात चर्र झाले. मग आम्हीच रोज संध्याकाळी अर्धा तास मुलांना घेऊन बसू लागलो. लिपी सोडली, 'ळ' सोडला नाही. तो कागदावर मिळेना, तेव्हा तोंडातून तोंडात दिला. विसर्जनापर्यंत बहुतेकांना तो साधला. एकदोघांना अजून साधत नाही. बळ अधिक लागते, हे खरेच.

मित्राला आम्ही उत्तर लिहिले, ते असे : दांडा अवश्य बदल. हात दुखेल, त्याची तक्रार करू नकोस. अटकावाचे स्क्रू नीट बसव. उत्साहाला अटकाव हवाच. आणि पुढेमागे गाडी विकशील, तेव्हा ही प्रतिकृती आहे, यातले अमुक भाग अमुक गाडीचे, आणि दांडा मी बदलला आहे, असे स्वच्छ अक्षरात लिहून दे. नक्कल करणे पाप नाही, नक्कल सुधारणे तर नाहीच. नकलेवर 'नक्कल' हा शिक्का मारायचा राहून गेला, तर मात्र आमच्या कचेरीतही त्याला क्षमा नाही.