हुकलेल्या बोलीची रुखरुख



धम्मबंधू आणि भगिनींनो, रविवारच्या वंदनेनंतर चहाच्या वेळी गेले काही महिने एक विषय पुन्हा पुन्हा निघतो आहे, म्हणून आजची देसना त्यावर घेतो. आपल्यातल्या काहींना जुन्या बंदुका जमवण्याचा छंद लागला आहे. अमेरिकेत हा छंद कायद्यात बसतो. ५० वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी संघराज्य सरकारचा संग्राहक परवाना मिळतो, तीन वर्षांना ३० डॉलर. लिलाव घरबसल्या चालतात. आणि लिलाव आला की हुकणे आले.

आपल्या एका तरुण उपासकाचे तसेच झाले. त्याला हवी होती ली-एनफिल्ड रायफल, कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्याचा शिक्का असलेली, १९४२ सालची. त्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महार रेजिमेंटमध्ये होते. बोली संपायच्या क्षणी हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकला आणि दुसऱ्या कोणी ४० डॉलर जास्त देऊन ती नेली. तीन आठवडे झाले, तो रोज रात्री तेच पान उघडून बघतो. ‘४० डॉलरसाठी आजोबांची रायफल सोडली,’ एवढेच बोलतो.

हौस म्हणून हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. आपल्या समाजाचा शस्त्राशी संबंध वेगळा आहे. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी विचारले आहे की या देशात खालच्या वर्गांनी इतके सोसूनही सामाजिक क्रांती का झाली नाही, आणि उत्तरात त्यांनी चातुर्वर्ण्याने लादलेली शस्त्रबंदी सांगितली आहे. १ जानेवारी १८१८ला कोरेगावला लढलेल्यांची नावे स्तंभावर आहेत, त्यांतली ‘नाक’ शेवट असलेली नावे आपण सगळेच ओळखतो. त्याच सैन्याची दारे १८९०च्या दशकात महारांना बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा विनंती केली. पहिल्या महायुद्धात पलटण उभी राहिली आणि युद्ध सरताच मोडली. शेवटी बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ज्या हाताला गावात पाणवठा शिवायची बंदी, त्या हातात सरकारी रायफल आली. नातवाला ती भिंतीवर हवीशी वाटली तर त्यात नुसता लोभ बघणारा माणूस आपला इतिहास विसरला आहे, असे मी म्हणेन.

तरी धम्माची बाजू स्पष्ट असावी. अंगुत्तर निकायात तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे. इथे शब्द व्यापार आहे. सिंह सेनापती उपासक झाला तेव्हा त्याला सेनापतीपद सोडायला सांगितले गेले नाही. बाबासाहेबांनीही अहिंसेचा अर्थ सांगताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला. म्हणून आजोबांची आठवण म्हणून एक जुनी रायफल कुलपात ठेवणे वेगळे, आणि ‘आज घेतो, पाच वर्षांनी दुप्पट भावाने विकतो’ हे वेगळे. दुसऱ्याला गुंतवणूक म्हणा, छंद म्हणा, पंचशील घेतलेल्या माणसाने त्याला शस्त्रविक्रीच म्हणावे. विकायची संधी हुकली म्हणून ज्याला हळहळ वाटते, त्याच्यासाठी माझ्याकडे सांत्वन नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी इथेच सांगतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, संघराज्य कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, आणि त्या गुन्ह्यात देश सोडावा लागू शकतो. ‘जुनी आहे, शोभेची आहे’ ही सबब पुढे करू नका. दुसरे, या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात वयात आलेली मुले असतील, कोणाचे मन खचलेले असेल, तर शोभेच्या वस्तूलाही कुलूप हवे आणि काडतुसे त्या घरात नकोतच.

आता रुखरुखीकडे येऊ. इच्छिलेले न मिळणे हे तथागतांनी पहिल्याच देसनेत दुःखांत मोजले आहे, त्यामुळे या तरुणाला दुःख झाले यात नवल काही नाही. पण ते दुःख एका संध्याकाळचे होते. पुढचे तीन आठवडे ज्यात गेले त्याला पालीत कुक्कुच्च म्हणतात. केलेल्याची आणि न केलेल्याची मनाला लागलेली ही चुटपुट पाच नीवरणांत गणली आहे. संगारव सुत्तात तिला वाऱ्याने हिंदकळणाऱ्या पाण्याची उपमा आहे. पाणी स्वच्छ असते, पण त्यात आपला चेहरा दिसत नाही. सामञ्ञफल सुत्तातली उपमा मला अधिक बोचते. तिथे पाचही नीवरणांना एकेक उपमा दिली आहे, कामेच्छेला कर्ज, द्वेषाला आजार, आळसाला तुरुंग. चंचलता आणि कुक्कुच्च यांना दिली आहे गुलामगिरी. दास आपल्या मनाने कुठे जाऊ शकत नाही. रात्री अकराला त्याला झोपायचे असते आणि तो ते पान उघडतो. ज्यांच्या आजोबांनी दास्य झुगारले, त्यांनी एका संपलेल्या लिलावाला मालक करून घ्यावे?

यावर औषध म्हणून खंती सांगितली की आपल्या लोकांच्या कपाळाला आठी पडते, आणि मला ती आठी आवडते. ‘धीर धरा, सोसा’ हे आपल्याला हजारो वर्षे सांगितले गेले, बहुधा ज्यांना सोसावे लागत नव्हते त्यांच्याकडून. पण बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत ज्या दहा पारमिता पाळायला सांगितल्या त्यांत खंती आहे, आणि ते स्वतः महाडला १९२७ साली गप्प बसले नव्हते. त्यांची खंती बघायची तर १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केल्यापासून १४ ऑक्टोबर १९५६पर्यंतची २१ वर्षे बघा. वेगवेगळ्या धर्मांचे लोक त्यांना आपल्याकडे बोलवत होते. घाईने कुठेही जाता आले असते. त्यांनी वाचले, तपासले, आणि जे घ्यायचे तेच घेतले. अन्यायापुढे मान तुकवण्याशी या धीराचा संबंध नाही. घाईला आपल्यावर स्वार होऊ न देणे, एवढाच त्याचा अर्थ.

ग्रीन कार्डासाठी दहा-बारा वर्षे रांगेत उभे राहिलेल्या माणसाला मी धीर काय शिकवणार! पण दात-ओठ खाऊन पुढच्या लिलावाची वाट बघणे म्हणजे खंती नव्हे, ते लोभाने जरा बसून घेणे आहे. खंती आली की माणूस पुढच्या लिलावात आपली मर्यादा आधी ठरवतो, ती ओलांडली की पान बंद करतो आणि जेवायला बसतो. जी दुसऱ्याने नेली ती त्याला लाभो, असेही मनात म्हणून बघावे. मैत्री भावनेला तो अनोळखी संग्राहक चांगला पडतो.

आणि एक प्रश्न मी त्याला विचारला होता, तो इथेही ठेवतो. ती रायफल आजोबांच्या हातात होती का? नव्हती. त्या वर्षी तशा असंख्य रायफली निघाल्या, ती कोणाच्या खांद्यावर होती ते कोणी सांगू शकत नाही. आजोबांचे जे खरोखर आहे ते अजून मिळू शकते. त्यांचे सेवापुस्तक घरच्या पत्र्याच्या पेटीत असेल. पेन्शनची कागदपत्रे असतील, त्यांवर नंबर असेल, आणि त्या नंबरावरून सागरच्या रेजिमेंट केंद्राकडे पत्र लिहिता येईल. एखादा गणवेशातला फोटो वाळवी लागण्याआधी कोणाकडून तरी मोबाइलवर काढून घ्या. आजोबा गावी सुटीवर आले की पाटलाच्या वाड्यासमोरून बूट घालून जायचे का, की काढून हातात घ्यायचे, हे फक्त त्या घरात वाढलेल्यांनाच ठाऊक असते. त्या तरुणाची थोरली आत्या कामठीला आहे, नव्वदीला टेकलेली, कानाने थोडी कमी, पण आठवण पक्की. आपल्याकडे शनिवारची रात्र असते तेव्हा तिच्याकडे रविवारची सकाळ असते आणि ती चहा घेऊन दारात बसलेली असते.