कुरर, मासा आणि आपला कॅमेरा



काल पिंगला झाली, आज एकादश स्कंधाचा नववा अध्याय उघडला. अवधूत यदूराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय आणि इथे येतो कुरर पक्षी. त्याच्याजवळ मांस आहे म्हणून त्याच्यापेक्षा बलवान पक्षी त्याच्या मागे लागलेत. तो मांस टाकून देतो आणि सुटतो. बस, एवढीच गोष्ट.

कुरर म्हणजे ऑस्प्रे, असं बरेच जण मानतात. हा मासे पकडणारा शिकारी पक्षी हिवाळ्यात नाशिकजवळ नांदूरमध्यमेश्वरला येतो. तिथे गोदावरी आणि कादवा भेटतात. ब्रिटिश काळात बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, पाणकणीस माजलं आणि दलदल तयार झाली. २०२० मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. हीच गोदावरी पुढे पैठणला जाते, नाथांच्या गावाला. त्यामुळे एकनाथी भागवत वाचताना मला तिथलाच कुरर दिसतो. पायांत मासा, माशाचं तोंड पुढे, आणि पाठीमागे घारी.

आणि काठावर लेन्स लावून आपण!

तेव्हा आजचा प्रश्न: फोटो काढणं ही आसक्ती आहे का? वरवर पाहिलं तर नाही. फोटोने पक्ष्याचं काय जातं? अवधूताचा भ्रमर फुलाला न दुखवता थोडं थोडं घेतो, आपण तर तेवढंही घेत नाही.

पण कमळपक्षी बघा. पावसाळ्यात पाण्यावरच्या पानांवर त्याचं घरटं असतं, घरटं कसलं, पाल्याची ओली चटई. अंडी नर उबवतो, मादी तोवर दुसऱ्या नराकडे गेलेली असते. आपण जवळ सरकलो की बाप उठतो. अंडी उघडी पडतात, वर ऊन, आसपास कावळे. क्लिक फुकट असतो हो, पण क्लिकसाठी जे अंतर आपण कापतो त्याची किंमत दुसराच कुणीतरी भरतो.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं, की तासन्‌तास चिखलात न हलता बसणं हे ध्यानच आहे. असेलही. पण दलदलीत एका पायावर उभा राहणारा अजून एक ध्यानस्थ आहे, आणि आपल्या भाषेने त्याच्या ध्यानाला केव्हाच नाव देऊन ठेवलंय. मला तर बगळ्याची बाजू जास्त प्रामाणिक वाटते. त्याला पोट आहे. आपल्याकडे चार हजार फोटोंचं फोल्डर आहे, ज्यातले वीसही आपण पुन्हा बघत नाही.

पंढरपूरला पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. वेळ नसेल तेव्हा आपण लांबूनच विठ्ठलाचं मुख बघून येतो आणि दर्शन झालं म्हणतो. कमी झालं असं कुणी म्हणत नाही. पक्ष्याच्या बाबतीत मात्र आपल्याला पदस्पर्शच हवा असतो, पापणीसुद्धा शार्प यायला हवी. विठ्ठलाने पायाला हात लावू दिला ती त्याची कृपा. कमळपक्ष्याने तशी परवानगी कधी दिलीय?

आता कुणी म्हणेल, मग कॅमेरा विकूनच टाकायचा का? मला तरी कथेत तसं दिसत नाही. कुररानं मासेमारी सोडली असं भागवत सांगत नाही, सुटला तो हातचं मांस टाकून. शिवाय फोटोंचा उपयोगही आहे: कोणता पक्षी कुठे, कधी आला याची नोंद पक्की होते, दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन नाही हे शहरातल्या माणसाला कळतं. पण हा उपयोग लांबून काढलेल्या, थोड्या धूसर फोटोनेही होतो. त्यापुढची जी दहा पावलं असतात ती कुणासाठी, हे आपलं आपल्याला बरोबर माहीत असतं.

पक्षी सांगतोही. तो चरायचा थांबतो, मान वर करतो, आपल्याकडे बघतो. डोळ्यात बघणारा फोटो सगळ्यात जास्त लाईक्स मिळवतो, आणि तो नेमका याच क्षणी मिळतो. कुररासारखं टाकायचं असेल तर तिथेच, बोट शटरवर असताना. शेजारचा त्याच वेळी पुढे सरकत असतो आणि त्याला तो फोटो मिळणार असतो, ही त्यातली खरी अडचण.

उद्या याच अध्यायातलं बालक.