मापात राहायला शिकवणारी मान

आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक १७.

मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी सरकली, तेव्हा मी परंदवडीच्या घरून रोज बारा-बारा तास लॅपटॉपवर वाकून काम करत होतो. उजव्या अंगठ्यापर्यंत मुंग्या, रात्री झोप नाही. देवापुढे मान वाकवली की कळ थेट हातात उतरायची. ते फार लागलं.

डॉक्टर म्हणाले, "गादीतला मऊ गर बाहेर येऊन नस दाबतोय. बहुतेकांना काही आठवड्या-महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरं वाटतं." पण मला घाई! दहा वेळा सांगितलेला व्यायाम मी तीस वेळा केला आणि दुखणं पुन्हा उसळलं.

याच अध्यायातला तेरावा श्लोक शरीर, डोकं, मान सरळ ठेवून बसायला सांगतो. तो मला पाठ होता, फक्त पाळत नव्हतो. आणि सतरावा? आहार-विहार, काम, झोप, जागरण ज्याचं मापात, त्याचंच दुःख योग हरतो. भगवंत 'जास्त कर' म्हणतच नाहीत.

मग स्क्रीन डोळ्यांसमोर आणली, दर अर्ध्या तासाने उठू लागलो, व्यायाम दहाच. तीन महिन्यांनी आईबरोबर देहूला गेलो. मान अजून पूर्ण वाकत नव्हती. नुसते हात जोडले. आई म्हणाली, "पोचला रे नमस्कार."

हातातली ताकद कमी होत असेल, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. आणि आज एकच साधना : एक गोष्ट मापात करू.

राम कृष्ण हरी!