दोन हजारांत एक रायगड

टेबलावरचे सामान बाजूला सारा. थर्माकोल, फेविकॉल, पाते, रंग, काहीही अजून हातात घेऊ नका. आधी रायगड आठवा. ज्या वाटेने चढलात त्या वाटेने, ज्या ऋतूत गेलात त्या ऋतूत. पायथ्याच्या पाचाडहून मान वर केली तेव्हा कडा केवढा वाटला होता? ते वाटणे मनात तसेच असू द्या. त्याच्या शेजारी आज एक माप ठेवायचे आहे.

माप आहे १:२०००. गडावरचे दोन मीटर म्हणजे टेबलावरचा एक मिलिमीटर. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. ४०० मीटरच्या समोच्च रेषेच्या, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेच्या, वरचा डोंगर घडवायचा म्हटले, तर ४२० मीटरचे २१ सेंटीमीटर होतात. जेमतेम एक वीत. तुमची वीत टेबलावर उभी धरा आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत नजर सावकाश वर न्या. तुमची दमछाक झाली ती एवढ्यात.

आता माणूस. उभा माणूस या मापात एक मिलिमीटरही भरत नाही. मोहरीचा दाणा त्याच्याहून मोठा पडतो, खसखशीचा जवळपास बरोबर बसतो. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण बोटाएवढे मावळे उभे करतो. साडेसात सेंटीमीटरच्या त्या मावळ्याच्या मापाने हाच डोंगर केला, तर तो अठरा मीटरांच्या वर जाईल, सहा मजली इमारतीएवढा. अंगणातला तो किल्ला म्हणून चुकीचा ठरत नाही. तिथे मुलांना गोष्ट मांडायची असते आणि गोष्टीत माणसे मोठीच हवीत. आज आपण डोंगर मांडतो आहोत. खसखशीचा एक दाणा टेबलाच्या कडेला ठेवा आणि काम संपेपर्यंत तो तिथेच असू द्या.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा वीस-वीस मीटरांवर असतात. नकाशा पंचवीस पट मोठा केला की तो आपल्या मापाचा होतो, आणि वीस मीटरांचा टप्पा बरोबर दहा मिलिमीटरचा होतो. बाजारात दहा मिलिमीटर जाडीचा थर्माकोल मिळतो. म्हणजे एक रेषा, एक थर. असे एकवीस थर. पहिली रेषा गिरवताना घाई करू नका. पेन्सिल डोंगराला प्रदक्षिणा घालते आहे. रेषा जिथे आत वळते तिथे पावसाळ्यात ओढा वाहतो, जिथे बाहेर येते तिथे सोंड आहे. कड्यापाशी रेषा इतक्या जवळ येतात की एकमेकींत मिसळतात. तिथे थांबून विचारा, टकमक टोक यातले कोणते? नकाशावरची बारीक रेघ पंचवीस पट मोठी झाली की स्वतःच चार-पाच मिलिमीटर रुंद होते, म्हणजे गडावरचे आठ-दहा मीटर. तेवढ्या जागेत नकाशा काही सांगत नाही. तिथे तुमचे फोटो आणि तुमची आठवण कामाला येते.

कापताना खिडकी उघडी ठेवा, विशेषतः तापलेल्या तारेने कापत असाल तर. थर फेविकॉलनेच चिकटवा. पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशनने थर्माकोल विरघळतो. रात्रभर वजनाखाली ठेवा.

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांचा एक डोंगर दिसेल. या कामातला सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात प्रिय असलेला विचार इथे सुरू होतो. सह्याद्रीही थराथरानेच उभा राहिला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक साचले. घट्ट बसाल्ट टिकला, त्याचे कडे झाले. सच्छिद्र थर आणि मधले तांबड्या मातीसारखे पट्टे झिजले, तिथे उतार आणि पदर झाले. पण तुमच्या टेबलावरच्या पायऱ्या त्या नव्हेत. या पायऱ्या मोजणाऱ्याने घातल्या, दर वीस मीटरला एक, डोंगराला न विचारता. मग पुसायची कोणती आणि राखायची कोणती? हात मांडीवर ठेवून फोटो पाहा. काळ्या खडकाचे आडवे पट्टे शोधा, त्यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्या शोधा. गवत जिथे उगवते तिथे माती ठरते, म्हणजे तो उतार. तेवढ्याच पायऱ्या कागदाच्या लगद्याने बुजवा. बाकीच्या उभ्याच राहू द्या. एका पट्टीसाठी पूर्ण संध्याकाळ गेली तरी चालेल.

मग प्लॅस्टर ऑफ पॅरिस. आधी पाणी, त्यावर भुकटी भुरभुरायची, इडलीच्या पिठाइतपत दाट होईपर्यंत. पातळ थर द्या. काही मिनिटांत ते घट्ट होताना गरम होते. तळहात जवळ नेऊन ती ऊब जाणवून घ्या. आपल्या हातून झालेला खडक घट्ट होतो आहे. तो पुरता कडक व्हायच्या आत दाभणाने कड्यावर आडव्या भेगा ओढा, मग थोड्या उभ्या. उरलेले प्लॅस्टर मोरीत ओतू नका, ते पाइपात दगड होऊन बसते.

रंगाआधी पुन्हा एक हिशोब. प्रतिकृतीपासून अर्ध्या मीटरवर डोळा ठेवला, तर या मापात तुम्ही रायगडाकडे एक किलोमीटरवरून पाहता आहात. मधे एक किलोमीटर हवा आहे, आणि हवा रंग फिका करते. बाटलीतला काळा जसाच्या तसा लावला, तर कडा कोळशाचा दिसेल. प्रत्येक रंगात निळसर राखाडीचा अंश मिसळा, पायथ्याकडे थोडा जास्त. स्वित्झर्लंडचे नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी नकाशांच्या रंगांत हवेचे हेच अंतर फार मनापासून सांभाळले. १९३९ साली झुरिकला भरलेल्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी त्यांनी आल्प्समधल्या दोन पर्वतांच्या प्रतिकृती केल्या, त्याही १:२००० याच मापाच्या. शास्त्र आणि चित्रकला एका हातात किती शांतपणे नांदू शकतात, याचे त्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

रंग वाळला की पातळ करडा रंग भेगांतून ओघळू द्या. नंतर जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. गवतासाठी लाकडाचा भुसा रंगवून, वाळवून चहाच्या गाळणीने चाळा. मीटरभर गवत इथे अर्धा मिलिमीटर असते, म्हणून चाळ बारीकच हवी. तो चिकटवायला पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने न साचता पसरतो. ऋतू मात्र एकच निवडा. श्रावणातला हिरवा आणि मार्गशीर्षातला सोनेरी, दोन्ही एका डोंगरावर नांदणार नाहीत. गंगासागर तलावाला व्हार्निशचे दोन हात, बाजारपेठेच्या जोत्यांना पुठ्ठ्याच्या दोन बारीक रांगा, जगदीश्वराला एक ठिपका. बांधकामे इतकी पुरेत.

आता तो खसखशीचा दाणा चिमट्याने उचला आणि हिरकणीच्या बुरुजापाशी ठेवा. दरवाजे बंद झाले म्हणून रात्री कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेल्या गवळणीची कथा तुम्हाला माहीत आहे. सुईचे टोक दाण्याजवळ टेकवा आणि खाली उतरायला लागा. एका वेळी अर्धा मिलिमीटरच, कारण मीटरभराहून लांब तिचा पाय पोचणार नाही. प्रत्येक थांब्यावर टेकायला जागा आहे का पाहा. सुईला कुठेच भेग सापडली नाही, तर कडा आपण फार गुळगुळीत केला आहे. दाणा बाजूला ठेवा, फोटो पुन्हा समोर घ्या, आणि तेवढा भाग दाभणाने खरवडून परत कोरायला घ्या.