साहाय्याची कसोटी

चिखलीहून बुलढाण्यावरून मलकापुरास जाताना राजूरचा घाट उतरावा लागतो. १९६० च्या सुमाराच्या अँबॅसडरचा ब्रेक तेथे पायाचे सारे बळ मागतो. म्हणून हौशी लोक तीत बूस्टर बसवितात. पेट्रोल इंजिनाच्या शोषणाने तो पायाचा जोर वाढवितो. मूळ रचनेत त्यास जागा नसल्याने दांडे व तरफा नव्याने घडवाव्या लागतात. पण इंजिनच बंद पडले तर? जाणता कारागीर पायाचा जोर थेट ब्रेकपर्यंत पोचेल अशीच जोडणी करतो. मग पेडल जड होते, पण निकामी होत नाही.

परोपकाराचीही आम्ही हीच कसोटी मानतो. घेणाऱ्याचे स्वतःचे बळ मोडून त्याच्या जागी बसलेले साहाय्य ऐन उतारावर दगा देते.